एशियाडचा पदकतक्ता आणि जत्रेचं पोस्टर

एका पालकांचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा : "मुलगी नववीत आहे, दोन वर्षं कुस्ती करते. शाळेनं तिला 'आशियाई क्रीडा स्पर्धांतला भारत' असा प्रकल्प दिलाय. १९५१ला आपण दुसरे होतो, नंतर कुठल्या कुठं गेलो आणि २०२३ला एकदम शंभरावर पदकं. हे गणित तिलाही कळेना आणि मलाही. शिवाय १९६२ला आपल्या भागातल्या पैलवानांनी सोनं आणलं, मग पुढं कोल्हापूरची कुस्ती तिथं का दिसली नाही?"

मी मातीतून आलेला माणूस. पुढं पतियाळ्याला एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, प्रशिक्षकाचा कोर्स केला आणि तीस-बत्तीस वर्षं गादीवर (मॅटवर) मुलं घडवली. त्यामुळं उत्तर कुस्तीकडं झुकणार, ते गृहीत धरा.

आधी तक्ता वाचायचा कसा ते सांगतो. आपल्याकडं जत्रेच्या मैदानाला निघायच्या आधी माणूस काय बघतो? पोस्टर. एक नंबरला कोण, जोड कुणाशी, एकूण कुस्त्या किती. अमक्यानं मैदान मारलं असं कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न येतो, "समोर कोण होता?" एशियाडचा तक्ता वाचताना मात्र आपण हे सगळं विसरतो आणि नुसती पदकं मोजतो. तुमच्या मुलीनं पदकांच्या रकान्याशेजारी अजून दोन रकाने ओढावेत : एकूण सुवर्णपदकं किती होती, आणि त्या वर्षी कोण आलं, कोण नव्हतं. प्रकल्पातलं निम्मं कोडं तिथंच सुटतं.

१९५१चंच घ्या. ४ ते ११ मार्च, दिल्ली. देश ११, खेळाडू ४८९, क्रीडाप्रकार ५७. जपान पहिला, आपण १५ सुवर्णांसह दुसरे. दुसऱ्या महायुद्धातला पराभव पचवून जपान नुकता उभा राहत होता. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला तर त्याला बोलावलंही नव्हतं. तरी त्यानं २४ सुवर्णं नेली. चीन नव्हता. कोरियात युद्ध पेटलेलं, म्हणून तेही नव्हते. समोर इराण, फिलिपिन्स, सिंगापूर, ब्रह्मदेश, सिलोन, इंडोनेशिया, थायलंड, अफगाणिस्तान, नेपाळ. ५७ पैकी १५, म्हणजे चारातलं एक सोनं आपलं. आणि २०२३ची हांगझोऊ स्पर्धा (नाव २०२२चं, कोरोनामुळं वर्षभर पुढं ढकललेली) : ४८१ सुवर्णं, त्यातली आपली २८. शंभरात सहासुद्धा नाहीत. पदकं शंभरावर गेली हे खरं आणि अभिमानाचंच, पण चारात एक आणि शंभरात सहा या दोन गोष्टी एकाच वहीत शेजारी लिहून बघा. तिचे शिक्षक दोनदा वाचतील.

याचा अर्थ १९५१ची पदकं हलकी, असा नाही. सचिन नागनं १०० मीटर फ्रीस्टाइल जिंकून भारताला एशियाडचं पहिलंवहिलं सोनं दिलं, आणि जलतरणाच्या शर्यतीत त्यानंतर आजवर आपल्याला दुसरं सोनं मिळालेलं नाही. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात इराणला १-० हरवलं, गोल साहू मेवालालचा. आपल्या कोल्हापूरच्या पेठांत फुटबॉलवरून डोकी फुटेस्तोवर भांडणाऱ्या किती जणांना मेवालालचं नाव माहीत आहे, हा एक वेगळाच प्रकल्प होईल.

आता पोस्टरची खरी गंमत. १९५१च्या दिल्लीत कुस्तीच नव्हती. म्हणजे त्या वेळी आपल्या भागात खाशाबा जाधव ऐन भरात. गोळेश्वरचा हा पैलवान कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेला, १९४८ला लंडनमध्ये सहावा आलेला. पुढच्याच वर्षी, १९५२ला, त्यानं हेलसिंकीत कांस्य घेतलं; स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्राचार्य खर्डीकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते, ही गोष्ट कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण घरच्या मैदानावर, दिल्लीत भरलेल्या पहिल्या एशियाडमध्ये त्याला लंगोट चढवायला मिळाला नाही, कारण पोस्टरवर त्याचा खेळच नव्हता. कुस्ती आली १९५४ला, मनिलात.

१९५४ आणि ५८ झटकन उरकतो. प्रत्येकी ५ सुवर्णं. १९५८ला टोकियोत मिल्खा सिंग २०० आणि ४०० मीटर जिंकला. हॉकी १९५८ला पहिल्यांदा आली आणि गोलांच्या सरासरीवर पाकिस्ताननं सोनं नेलं. घसरण म्हणतात ती हीच, पण मैदानात आता कोरिया आलेला होता आणि जपान पुरता सावरला होता.

१९६२ला मात्र थांबायलाच हवं. जकार्ता. ती स्पर्धा राजकारणानं गाजली. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या संघांना व्हिसा नाकारला. भारताचे गुरुदत्त सोंधी, म्हणजे ज्यांच्या डोक्यातून एशियाड निघालं ते, त्यांनी याला जाहीर हरकत घेतली आणि तिथलं लोकमत भारतावर उलटलं. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात सगळं स्टेडियम आपल्या विरुद्ध ओरडत होतं. समोर दक्षिण कोरिया. पी. के. बॅनर्जी आणि जर्नैल सिंग यांनी गोल केले, २-१. जर्नैल मूळचा बचावपटू. आधीच्या सामन्यात डोकं फुटून टाके पडलेले, तरी प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला पुढं खेळवला आणि त्यानं गोल केला. फुटबॉलमधलं आपलं शेवटचं सोनं ते.

त्याच जकार्तात कुस्तीत तीन सुवर्णं आली. ५२ किलोत मालवा. लाइट हेवीवेटमध्ये आपले कवठेपिरानचे मारुती माने, फ्रीस्टाइलमध्ये सोनं आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. आणि हेवीवेटला गणपतराव आंदळकर : ग्रीको-रोमनमध्ये सोनं, फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे, तालीम कोल्हापूरची मोतीबाग. १९६०चे हिंदकेसरी.

आता ग्रीको-रोमन म्हणजे काय, हे मुलीला माहीत असेल, तुमच्यासाठी सांगतो. कमरेखाली हात लावायचा नाही आणि पायाचा वापर करायचा नाही. म्हणजे पट, टांग, एकलंगी हे पायावरचे डाव नाहीत. आपल्या मातीतली निम्मी विद्या गुंडाळून बाजूला ठेवायची आणि छाती, खांदे, मान, कंबर एवढ्याच भांडवलावर लढायचं. आपल्याकडं हा प्रकारच नाही. त्यात मातीतल्या माणसानं सोनं आणलं ते कशाच्या जोरावर? मानेच्या आणि पकडीच्या. हौद्यात, म्हणजे तालमीतल्या मातीत, तासन्‌तास एकमेकांच्या मानेवर हात टाकून खडाखडी करणाऱ्याची मान सहसा झुकत नाही. मोतीबागेत म्हातारपणी आंदळकर वस्ताद नुसते कट्ट्यावर बसलेले दिसले तरी मानेकडं बघूनच कळायचं की हा गडी ग्रीकोत का जिंकला असेल.

पण मघाशी सांगितलेला नियम इथंही लावायचा, आपला माणूस असला तरी. १९६२ला इराण आलेला नव्हता. इराण म्हणजे आशियातल्या कुस्तीचं एक नंबरचं घर. हे सांगितलं की तालमीतली काही जुनी मंडळी माझ्यावर चिडतात. मी म्हणतो, चिडू नका, तेही लिहा. जपान होता, पाकिस्तान होता, आणि समोर जो आला त्याला आपल्या पैलवानांनी झोपवला. पोस्टर त्यांनी छापलेलं नव्हतं.

पुढची वर्षं भरभर. १९६६ला बँकॉकमध्ये पाकिस्तानला हरवून हॉकीचं पहिलं सोनं. १९७०ला कमलजीत संधूनं ४०० मीटर जिंकली, एशियाडमध्ये वैयक्तिक सोनं मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. तुमच्या मुलीच्या वहीत हे नाव ठळक अक्षरात हवं. त्याच वर्षी मास्टर चंदगीराम यांनी १०० किलोत इराणी मल्लाला हरवून सोनं घेतलं. १९७४, तेहरान : चीन पहिल्यांदा उतरला. आपल्याला फक्त ४ सुवर्णं, त्यातलं एक योहाननच्या ८.०७ मीटरच्या लांब उडीचं. १९७८ला ११.

१९८२ला दिल्लीत पुन्हा घरचं मैदान. अप्पू हत्ती, रंगीत टीव्ही, नेहरू स्टेडियम, ते सगळं तुम्हालाही आठवत असेल. १३ सुवर्णं, एकूण ५७ पदकं. सतपाल १०० किलोत जिंकला. हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून ७-१ असा मार खाल्ला, आणि हॉकीच्या मुलींनी मात्र सोनं घेतलं, पण लक्षात तो मारच राहिला. त्या वर्षी पदकतक्त्यात चीननं जपानला मागं टाकलं आणि तेव्हापासून पहिला क्रमांक सोडलेला नाही. १९८६ला सेऊलमध्ये आपली सुवर्णं ५ आणि त्यातल्या चारांत पी. टी. उषा : २००, ४००, ४०० अडथळे आणि रिले. पाचवं कर्तार सिंगचं, कुस्तीतलं. एका मुलीनं देशाचा तक्ता उचलून धरला म्हणतात ते हे.

आणि मग १९९०, बीजिंग. तीनशेहून अधिक सुवर्णं वाटली गेली, आपल्याला एक. पहिल्या दहातून बाहेर गेलो ती ही एकच स्पर्धा. आणि ते एक सोनं कशाचं? कबड्डीचं, जी त्याच वर्षी पोस्टरवर चढली होती. ती चढली नसती तर 'प्रत्येक एशियाडला किमान एक सोनं' हा आपला विक्रम तिथंच तुटला असता. १९५१पासून एकही स्पर्धा न चुकवणारे देश सात आहेत : भारत, जपान, इंडोनेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर, श्रीलंका, थायलंड. त्या रांगेत आपण ताठ मानेनं उभे आहोत ते मधे एकदा कबड्डीनं तारलं म्हणून.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येतो, कारण त्याचं मूळ याच काळात आहे. कर्तार सिंगच्या १९८६च्या सोन्यानंतर एशियाडच्या कुस्तीत पुढचं सोनं आलं २०१४ला, योगेश्वर दत्तचं. मधे २८ वर्षं. इतकी वर्षं पैलवान झोपले होते काय? १९९४च्या हिरोशिमात सोव्हिएत संघातून फुटलेले पाच देश पहिल्यांदा आले : कझाकस्तान, उझबेकिस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान. जगातली सगळ्यात तयार कुस्ती ज्या व्यवस्थेत घडत होती तिचे तुकडे एका दिवसात आशियात येऊन पडले. इराण, जपान, कोरिया, मंगोलिया आधीच होते. पोस्टर एकदम तगडं झालं.

पण हे झालं देशाचं. हरियाणा त्यातूनही बाहेर आला, कोल्हापूर नाही आलं. का, ते मी जवळून बघितलंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या तालमीतला एक मुलगा, कागल तालुक्यातला, ढाक या डावाचा बादशहा. जत्रेत त्याची ढाक बघायला लोक गाडी करून यायचे. निवड चाचणीला घेऊन गेलो. आमच्याकडं तेव्हा सरावाला पूर्ण गादी नव्हती. तुकडे होते, खाली फरशी वरखाली, जोडावर अंगठा अडकायचा. वापरलेले बूट कुणाकडून तरी मागून आणलेले. कुस्ती लागली. आमचा गडी शांत, मातीतल्यासारखा, समोरच्याला अंगावर येऊ देतोय आणि ढाकेची वेळ बघतोय. समोरचा पोरगा अंगावर आलाच नाही. खाली वाकला, एकेरी पट काढला, दोन गुण. पुन्हा पट, पुन्हा दोन. मग मागं सरत राहिला. आमचा गडी शेवटच्या मिनिटात एकदा ढाकेला गेला आणि बूट घसरला. मातीत पायाची बोटं रुतवून तो जो आधार घ्यायचा तो तिथं नव्हताच. गुणांवर हरला. बाहेर येऊन मला म्हणाला, "वस्ताद, कुस्ती झालीच कुठं?"

त्याच्या दृष्टीनं खरंच झाली नव्हती. मातीत कुस्ती म्हणजे निकाल, पाठ लागली की संपलं, नाही लागली तर बरोबरी. थांबून राहणं हा तिथं गुण आहे, दम राखणं ही अक्कल आहे. गादीवर थांबून राहणं हा दोष. आजचा नियम घ्या : तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. पंचानं समज देऊनही ढिला राहिलात तर तीस सेकंदांचं घड्याळ लागतं, तेवढ्यात गुण घेतला नाही तर समोरच्याला गुण. वर्तुळाबाहेर पाय गेला, एक गुण गेला. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती बंद. लाल मातीत ताक, हळद, तेल, लिंबू घालून हौदा मऊ करणारे आपण. त्या मातीत अंग घडतं, दम घडतो. हे घड्याळ तिथं घडत नाही.

आणि दुसरं कारण याहून मोठं, त्यावर कुणी बोलत नाही : वजन. जत्रेत जोड डोळ्यांनी ठरते. अंगानं भरलेला दिसला की वरची कुस्ती, वरची कुस्ती म्हणजे जास्त इनाम. त्यामुळं आपला सगळा खुराक, बदाम-थंडाई-तूप, एकाच दिशेनं जातो : अंग वाढव. महाराष्ट्र केसरीची गदासुद्धा वरच्या वजनाच्या खुल्या गटाची. आशियाडला पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये सहा वजनं : ५७, ६५, ७४, ८६, ९७, १२५. त्यातली पहिली तीन कोल्हापूरच्या अर्थकारणात बसतच नाहीत. ६५ किलोचा पोरगा जत्रेत चटणी-भाकरीचे पैसे घेऊन घरी येतो. बापानं शेत विकून शिकवलेल्या पोराला मी कोणत्या तोंडानं सांगू की वजन ६५लाच ठेव, दहा वर्षांनी एशियाड आहे? आणि एशियाडला प्रत्येक वजनात देशाचा एकच पैलवान जातो. त्या एका जागेसाठी समोर सगळं हरियाणा.

खाशाबा बँटमवेटचा होता, हे आपण पुतळे उभे करताना विसरलो.

मुलींच्या बाबतीत मात्र हे गणित वेगळं आहे, आणि म्हणूनच तुमचा प्रश्न वाचून मला बरं वाटलं. महिलांची कुस्ती एशियाडमध्ये आली २००२ला, बुसानमध्ये. पहिलं सोनं २०१८ला विनेश फोगाटचं. वजनं सहा : ५०, ५३, ५७, ६२, ६८, ७६. मुलींना जत्रेची जुनी सवय नाही, त्यामुळं अंग फुगवायचा दाबही मुलांइतका नाही. तुमची मुलगी पहिल्या दिवसापासून गादीवर असेल तर ती माझ्या ढाकेच्या गड्याच्या पुढंच आहे.

कोल्हापूर एशियाडमधून गायब झालं, हे मात्र मी मान्य करणार नाही. ते तालमीतून उठून दुसऱ्या दारानं आत गेलं. २०१०ला ग्वांगझूमध्ये वीरधवल खाडेनं ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य घेतलं. १९८६च्या खजान सिंगनंतर २४ वर्षांनी भारताला जलतरणात मिळालेलं ते पहिलं पदक. २०१८ला तो पुन्हा उतरला, तोपर्यंत सरकारी नोकरीत तहसीलदार झालेला. ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये २२.४७ सेकंद. तिसरा आलेला जपानी २२.४६. एक शतांश. आपण 'केसभर' म्हणतो, ते माप इथं मोठंच पडेल.

त्याच २०१८च्या स्पर्धेत राही सरनोबतनं २५ मीटर पिस्तूलमध्ये सोनं जिंकलं. एशियाडमध्ये सोनं घेणारी पहिली भारतीय महिला नेमबाज कोल्हापूरची. अंतिम फेरीत तिचे आणि थायलंडच्या मुलीचे ३४-३४ झाले. शूट-ऑफ, त्यातही बरोबरी, मग दुसरा शूट-ऑफ. मी ते बघताना उभाच होतो. राहीच्याच शाळेत तिच्या आधी तेजस्विनी सावंत शिकून गेलेली, जी २०१०ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली. एका शाळेतनं दोघी. तालमीत जसं थोरल्याचं बघून धाकटा लंगोट मागतो, तसंच हे.

हांगझोऊत राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या सांघिक सुवर्णात होता, १७६९ गुणांच्या विश्वविक्रमासह. वैयक्तिक अंतिम फेरीत तो चांगला पुढं असताना एक गोळी ७.६ वर गेली आणि तो चौथा आला. पुढच्याच वर्षी पॅरिसला त्याच प्रकारात त्यानं ऑलिंपिक कांस्य घेतलं. पदकतक्त्यात चौथ्याला रकाना नसतो, पण प्रकल्पात एक पान 'चौथे' म्हणून ठेवायला हरकत नाही. खाडे आणि कुसाळे, दोघं आपलेच.

कबड्डीचंही एक पान होईल. १९९०पासून २०१४पर्यंत पुरुषांची सलग सात सुवर्णं. २०१८ला इराणनं उपांत्य फेरीत आपल्याला पाडलं, आणि महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणनंच, २७-२४ असं. त्या इराणी मुलींची प्रशिक्षक कोण होती? नाशिकच्या शैलजा जैन. खेळ आपला, शिकवणारी आपली, सोनं त्यांचं. मला यात वाईट काही वाटत नाही. वस्ताद ज्याला शिकवतो त्याचा. हांगझोऊत दोन्ही सुवर्णं परत आली. पुरुषांच्या अंतिम सामन्यात एका गुणाच्या वादावरून खेळ तासभर बंद पडला होता.

अजून एक गोष्ट तक्त्यात दिसत नाही : आपण स्वतःच न गेलेले खेळ. क्रिकेट २०१० आणि २०१४ला एशियाडमध्ये होतं, भारतानं संघच पाठवला नाही. २०२३ला पाठवला आणि ऋतुराज गायकवाडच्या संघानं आणि महिला संघानं, दोघांनीही सोनं आणलं. २०१८ला फुटबॉल संघाला आशियातल्या क्रमवारीच्या निकषावर जाऊ दिलं नाही. कंपाऊंड तिरंदाजी एशियाडमध्ये २०१४ला आली आणि हांगझोऊत तिची पाचही सुवर्णं आपण घेतली. ओजस देवतळे आणि अदिती स्वामी, दोघं साताऱ्यात घडलेले. पोस्टरवर नवी कुस्ती लागली आणि आपला गडी तयार होता, एवढंच त्याचं गुपित. नेमबाजी आणि ॲथलेटिक्स या दोन खेळांनीच तिथं आपली जवळजवळ निम्मी पदकं दिली. बीडच्या अविनाश साबळेचं स्टीपलचेसचं सोनं त्यातलंच. कुस्तीत एक रौप्य आणि बाकी कांस्य, सोनं नाही.

मुलीला एक सूचना. आकडे वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे दिसले तर घाबरायचं नाही. उत्तेजकांच्या प्रकरणात पदकं वर्षांनी बदलतात. २०१८ची मिश्र रिले आधी आपलं रौप्य होतं, पहिल्या आलेल्या बहारीनची धावपटू दोषी ठरल्यावर ते सोनं झालं. म्हणून जुन्या बातमीत १५ सुवर्णं आणि नव्या तक्त्यात १६. २००२ला सुनीता राणीची दोन पदकं, एक सोनं आणि एक कांस्य, काढून घेतली आणि नंतर परत दिली, तिथंही सुवर्णांत एकाचा फरक सापडेल. तारीख घालून आकडा लिहायचा, म्हणजे झालं.

आणि कुस्तीचं. चौदाव्या वर्षी वजन मारू नका. पाणी तोडणं, उपाशी ठेवणं, तालमीत कुणी सांगितलं तरी नाही. अंग ज्या वजनात बसेल त्यात खेळू दे, वजनगट सतराव्या-अठराव्या वर्षी ठरवू. आठवड्यातले चार दिवस गादी, दोन दिवस माती असं करा. माती सोडू नका, मान आणि पकड तिथंच तयार होते. पट आधी, ढाक नंतर.

पुढची स्पर्धा जपानमध्ये आयची-नागोयाला, १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं, म्हणजे तिथल्या संध्याकाळच्या कुस्त्या आपल्याकडं दुपारी, शाळेच्या वेळेत. रेकॉर्ड करून ठेवा. रात्री मुलीला समोर बसवा, टीव्हीचा आवाज बंद करा, आणि प्रत्येक कुस्तीत पहिल्या तीस सेकंदांत कोण किती वेळा पायाला जातो ते तिला वहीत मांडायला सांगा.